जवारीला खटका नको: डीएसएलआर विकून मिररलेस घेतल्याचा अनुभव

निकॉनचा डी७५० (डीएसएलआर, म्हणजे आत हलणारा आरसा असलेला कॅमेरा) विकून त्यांचाच झेड६ टू (मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला) घेतला, त्याला आता वर्ष होत आलंय. घेण्याआधी मी जे जे वाचलं आणि पाहिलं त्यात मेगापिक्सेल, फोकस पॉइंट आणि सेकंदाला किती फ्रेम यांचे तक्ते भरपूर होते. जुना कॅमेरा विकताना कागदपत्रं काय करायची, जुन्या लेन्सचं काय होतं, पहिल्या महिन्यात नेमकं काय अडतं, हे मात्र कुणी नीट सांगत नव्हतं. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहिते आहे. कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

मी मिरजेची. नोकरी बँकेत, आणि सुटीच्या दिवशी फोटो. ते मुख्यतः दोनच गोष्टींचे: गाण्याच्या बैठका आणि तंतुवाद्यांचे कारखाने. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर एका कारागीर कुटुंबाने त्यांच्या कामाचे टप्प्याटप्प्याने फोटो काढून द्यायला सांगितलं. भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं. काम आनंदाचं होतं आणि डी७५० ने ते छान चाललंही होतं. जवारीपर्यंत.

जवारी काढणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा अगदी हलक्या हाताने कानसीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. घोडीच्या माथ्याचा उतार केसभर इकडेतिकडे झाला तरी स्वराचा गुंजारव बदलतो. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवून तो कुठे खुलतो तेही बघायचं. हे सगळं कानाचं काम. त्या कुटुंबातले जवारी काढणारे चाचा तार छेडून कान खाली नेत होते आणि मी चार-पाच फुटांवरून फोटो घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. "ताई, जरा थांबा. तो खटका कानात बसतोय, जवारी कळंना." रागाने नाही, अगदी सहज म्हणाले. मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्या दिवशी जवारीचा एकही फोटो घेतला नाही.

डी७५० मध्ये क्वाएट मोड आहे, तो मी आधीच लावला होता. पण त्यात आरसा जरा सावकाश खाली येतो, एवढंच. आवाज मोठ्या एका खटक्याऐवजी दोन छोट्या खटक्यांत वाटला जातो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय) लावून आरसा वर ठेवला तरी शटरचे पडदे हलायचे ते हलतातच. बैठकीतही हीच अडचण व्हायची. आलाप चालू असताना मी बटण दाबायचीच नाही, समेवर टाळ्या-वाहवा होईल तेव्हा दोन-तीन फोटो घ्यायचे. त्यामुळे माझ्याकडे इतक्या वर्षांचे फोटो आहेत ते सगळे दाद मिळतानाचे. सुराच्या आतला गायक माझ्याकडे नाहीच.

मे २०२४ मध्ये ठरवलं की आता बदलायचं.

पहिला विचार वापरलेल्या डी८५० चा होता. त्यात लाइव्ह व्ह्यूमध्ये पूर्ण मूक शटर मिळतं आणि लेन्स त्याच चालतात. पण तो एक किलोच्या वर जातो, आणि मूक फोटो हवा तर डोळा व्ह्यूफाइंडरला न लावता मागच्या स्क्रीनकडे बघत काढायचा. अंधाऱ्या बैठकीत तो स्क्रीन मागच्या श्रोत्यांच्या डोळ्यांवर येतो. मग मिररलेसकडे वळले. तोवर बाजारही तिकडे वळून बरीच वर्षं झाली होती. पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला, सोनीचा फुलफ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) ए७ २०१३ चा, आणि कॅनन-निकॉन दोघंही २०१८ मध्ये फुलफ्रेम मिररलेसमध्ये उतरले. या दोघांनी २०२० नंतर व्यावसायिक दर्जाचा नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स मात्र अजून डीएसएलआरला धरून आहे.

सोनी घ्यायचा तर सगळ्या लेन्स विकाव्या लागणार होत्या. माझ्याकडे २४-१२०, ८५ एफ१.८ जी आणि जुनी ५० एफ१.८ डी. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची रचना, १९५९ पासूनचा आहे. त्यात लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असतं, कारण मध्ये आरशाला हलायला जागा हवी. झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. उरलेल्या जागेत अडॅप्टरची नळी बसते आणि जुनी लेन्स चालते. त्या अडॅप्टरला एफटीझेड म्हणतात. एक गोष्ट मात्र घेण्याआधीच माहीत करून घ्या: त्यात मोटर नाही. म्हणजे ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, एएफ-एस वगैरे, त्यांचा ऑटोफोकस चालतो. डी लेन्सचा चालत नाही. माझी ५० डी हाताने फोकस करावी लागणार हे धरूनच मी चालले होते.

झेड६ टू निवडण्यामागे आणखी एक साधं कारण होतं. जून २०२४ मध्ये झेड६ थ्री बाजारात आला आणि झेड६ टू चे भाव, विशेषतः वापरलेल्याचे, उतरले. तरीही लगेच उडी मारली नाही. पुण्याहून दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. भाडं दिवसाला दीड हजार, वर अनामत रक्कम, आधार कार्डाची प्रत आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. हे पैसे सगळ्यात सत्कारणी लागले असं मला वाटतं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर काहींना अजिबात चालत नाही, डोळे दुखतात. मला पहिल्या तासाला विचित्र वाटलं, संध्याकाळपर्यंत सवय झाली. पण ते विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

जुलैत जुना कॅमेरा विकायला काढला. एका ऑनलाइन खरेदीदाराने फोटो पाहून ४५,००० सांगितले, आणि माणूस घरी आल्यावर ग्रिपचं रबर सैल आहे, स्क्रीनवर ओरखडा आहे, असं करत करत ३१,००० वर आला. मी नाही म्हटलं. पुढे तीन आठवडे फक्त मेसेज येत राहिले, "लास्ट प्राइस?" एवढेच. शेवटी जयसिंगपूरच्या एका तरुणाने घेतला. लग्नाचे फोटो काढतो, स्वतःचा पहिलाच फुलफ्रेम. दोन बॅटऱ्यांसकट ४०,००० ला व्यवहार झाला. तो आईला घेऊन आला होता, मावशींनी चहा घेताघेता माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं की कॅमेरा चांगला आहे ना.

विकताना हे केलं आणि तुम्हीही करा. साध्या कागदावर विक्री पावती लिहा: मॉडेल, बॉडीचा सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि "आजवरची मालकी माझी, यापुढील वापराची जबाबदारी घेणाऱ्याची" अशी एक ओळ. एक प्रत आपल्याकडे ठेवा. मूळ बिल देताना त्याची झेरॉक्स काढून घ्या. मेनूमध्ये कॉपीराइटच्या जागी आपलं नाव भरलेलं असतं ते पुसायला विसरू नका, नाहीतर पुढच्या माणसाच्या प्रत्येक फोटोत तुमचं नाव जात राहील. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, लपवू नका. एका फोटोच्या माहितीतून तो कुणालाही काढता येतो. डी७५० चं शटर दीड लाख फोटोंना तपासलेलं असतं, माझा त्याच्या निम्म्याच्याही आत होता, आणि ते आधीच सांगितल्यामुळे घासाघीस कमी झाली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेले. ती सकाळी लवकर सीएसएमटीला सोडते, आणि फोर्टमधली कॅमेऱ्याची दुकानं उघडायला बराच वेळ असतो, तेव्हा सकाळची सोय आधीच बघून ठेवा. एका दुकानाशी फोनवर बोलणं झालं होतं: वापरलेला झेड६ टू, पहिल्या मालकाचं बिल, खोका, चार्जर सगळं जागेवर. किंमत ९४,०००.

तिथे बघायच्या गोष्टी. बॉडीखालचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळतात का. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे बिलावर १८ टक्के दिसला पाहिजे. बाहेरून खासगीत आणलेल्या मालावर असं बिल नसतं, आणि पुढे सर्व्हिस सेंटरला अडचण येते. मी सीरियल नंबर आधीच मागवून सर्व्हिस सेंटरला मेल केला होता, दोन-तीन दिवसांत उत्तर आलं की नंबर भारतातलाच आहे. मिररलेसमध्ये शटर काउंटची एक गोम आहे. मूक मोडमध्ये यांत्रिक शटर हलतच नाही, म्हणून एकूण फोटो आणि यांत्रिक शटरचा आकडा वेगवेगळा असतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दिसतात, दोन्ही विचारा. मग एफ१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात.

पैसे देताना यूपीआयची दिवसाची मर्यादा आड येऊ शकते. मी कॅमेरा आणि एफटीझेड टू (वापरलेला, १३,५००) मिळून एक लाखाच्या वर जात होते, म्हणून अर्धे आदल्या दिवशी एनईएफटीने पाठवायचं आधीच ठरवलं होतं. दुकानाच्या बिलावर "वापरलेला" असा शेरा आणि दोन्ही सीरियल नंबर घेतले. हे पुढे विम्याला उपयोगी पडलं. घराच्या विम्यात कॅमेरा घालायचा म्हटल्यावर एजंटने दोन्ही बिलं मागितली, पहिल्या मालकाचं आणि दुकानाचं. हप्ता दोन हजारांच्या आत बसला.

जास्तीची एक बॅटरी साडेपाच हजार, वेगवान एसडी कार्ड चार हजार. सगळं धरून १,१७,००० झाले, जुन्याचे ४०,००० वजा जाता ७७,००० खिशातून. यात एक्सक्यूडी किंवा सीएफएक्सप्रेस कार्ड नाही. झेड६ टू ला एक खाचा त्याचा आणि एक एसडीचा आहे. मी अजून एसडीवरच भागवते आहे, बैठकीला त्याहून जास्त वेग लागत नाही.

वजन कमी होईल असं समजून कुणी मिररलेस घेणार असेल तर हा हिशोब बघा. डी७५० बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम, त्यावर २४-१२० लेन्स ७१० ग्रॅम, एकूण १५५०. झेड६ टू ७०५, तीच लेन्स ७१०, अडॅप्टर १२५, एकूण १५४०. दहा ग्रॅमचा फरक! वजन खरं कमी झालं ते जानेवारीत मी झेडची छोटी ४० एफ२ घेतली तेव्हा. ती १७० ग्रॅमची आहे. ती लावली की कॅमेरा साध्या पर्समध्ये मावतो.

ऑक्टोबरात नवरात्र. मिरजेत या दिवसांत गाण्याचे कार्यक्रम रोज असतात. एका कार्यक्रमाला मी मूक मोड लावून पुढच्या रांगेच्या कडेला बसले. बडा ख्याल सुरू झाला, विलंबित, आणि पहिल्यांदाच आलापाच्या मधोमध मी बटण दाबलं. शेजारच्या आजोबांची मान वळली नाही. कॅमेरा काही करतो आहे हे कुणाला कळलंच नाही. मला फार भरून आलं.

मध्यंतरात फोटो पाहिले तर प्रत्येक फ्रेममध्ये चार-पाच आडवे काळपट पट्टे.

याचं कारण समजून घेतलं की उपाय सोपा आहे. मूक मोडमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो, आणि या कॅमेऱ्याला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/२० सेकंद लागतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मंडपातले साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. १/२० सेकंदात पाच वेळा. तेवढेच पट्टे. शटर १/२५० ठेवलं तर ते स्वच्छ दिसतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला उजेडाचं पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे जवळजवळ जातात. उत्तरार्धात १/१०० वर सगळे फोटो वापरण्याजोगे निघाले. गायकाला १/१०० पुरतो, आणि कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असल्याने आपल्या हाताचं कंपन सांभाळलं जातं. रंगीत स्टेज लाइटचे काही एलईडी मात्र वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे ही युक्ती चालत नाही. तेव्हा शटर टाइपमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन लावायचं, त्यात पहिला पडदा हलत नाही, फक्त दुसरा हलतो. आवाज होतो, पण आरसा नसल्याने डीएसएलआरपेक्षा खूपच हलका. आता मी हॉलमध्ये गेल्यावर वाद्यं जुळवताना दोन चाचणी फोटो काढते, मगच ठरवते.

ओळीओळीने वाचण्याचा दुसरा परिणाम तबल्यावर दिसतो. द्रुत लयीत बोटं तिरकी, ताणल्यासारखी येतात. सतारीची छेडलेली तार नागमोडी दिसते. तबलजीचे फोटो मी पूर्ण यांत्रिक शटरवर घेते, तेव्हा तबलाच इतका वाजत असतो की शटर कुणाला ऐकू येत नाही.

फोकसबद्दल माझं मत स्पष्ट आहे, इथे परत मागे जाणं नाही. डी७५० चे ५१ पॉइंट सगळे मधोमध गर्दी करून होते, चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवायचा तर आधी फोकस धरा आणि मग कॅमेरा हलवा. झेड६ टू मध्ये जवळजवळ सगळी फ्रेम मोकळी आहे, आणि फोकस सेन्सरवरच होत असल्याने लेन्स जरा पुढे-मागे फोकस करते हा त्रास उरला नाही. डोळा ओळखण्याची सोय आहे, पण आपले गायक डोळे मिटून गातात! तेव्हा कॅमेरा चेहरा धरतो आणि बहुतेक वेळा बरोबर धरतो. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचे डोळे उघडे असले की तिच्याकडे पळतो. अशा वेळी मी छोटा चौकोन स्वतः गायकाच्या कपाळावर ठेवते.

आणि ती ५० डी. ऑटोफोकस गेला, पण व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र मोठं करून पाहता येतं, फोकसची कड रंगाने उजळते, आणि उजेड किती येणार ते फोटोआधीच दिसतं. कारखान्यात घोडीसारखी न हलणारी वस्तू टिपायला ती आता माझी सगळ्यात आवडती लेन्स आहे. विकायला गेलं तर चार-पाच हजार येतील. ठेवून द्या.

जिथे डीएसएलआरची आठवण येते ती जागा म्हणजे बॅटरी. डी७५० चा कंपनीचा आकडा एका चार्जमध्ये १२३० फोटोंचा, याचा साडेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात जास्त निघतात, पण बैठकीत आपण फोटो न काढता नुसतं बघत असतो, आणि बघण्यालाही बॅटरी लागते. रात्रभराच्या कार्यक्रमाला तीन बॅटऱ्या नेते. ज्यांच्याकडे निकॉनच्या जुन्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या आहेत त्यांनी त्या विकू नयेत, यात चालतात, जरा लवकर संपतात इतकंच. मी दोन्ही कॅमेऱ्याबरोबर दिल्या होत्या, त्या त्याला लग्नात जास्त लागणार.

दुसरी गोष्ट धूळ. आरसा नाही, आणि कॅमेरा बंद केल्यावर शटरही उघडंच राहतं, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर थेट समोर. भोपळा आणि तुनाचं लाकूड घासतात तिथे हवेत भुसा तरंगत असतो. मी लेन्स अंगणात जाऊन, बॉडीचं तोंड खाली धरून बदलते, आणि घरी आल्यावर हवेचा फुगा मारते. कपड्याने पुसायला जाऊ नका.

संगणकावर जुनं सॉफ्टवेअर असेल तर नव्या कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइल उघडत नाहीत. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, तोवर त्यावर काम होतं.

जवारीचे फोटो नोव्हेंबरात पूर्ण झाले. चाचांनी तार छेडून डोळे मिटले आहेत, अंगठ्याच्या नखाशी सुताचा धागा आहे, आणि घोडीवर घासल्याची पांढरी पूड. त्यांनी तोच फोटो दुकानाच्या पत्रकासाठी निवडला.

परवा जयसिंगपूरच्या त्या मुलाचा फोन आला. "ताई, मी पण आता मिररलेस घेऊ का? सगळे घेतायत." मी विचारलं, हळदीपासून वरातीपर्यंत किती बॅटऱ्या लागतात? म्हणाला दोन. लेन्स कोणत्या? एकच, किटची. त्याला सांगितलं, आणखी दोन सीझन डी७५० वरच काढ आणि त्या पैशांतून वापरलेली ८५ एफ१.८ जी घे. ती एएफ-एस आहे, उद्या मिररलेस घेतलास तरी अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालेल. माझीच हवी असेल तर रविवारी येऊन लावून बघ म्हटलं. येतो म्हणालाय.